मदतनिसाला शिकवायचे कोणी?

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी मदतनीस ठेवताना आपण उचलणे, आंघोळ, भरवणे आणि औषधे शिकवतो. ही मदत कशी हवी, हे मात्र त्या व्यक्तीला क्वचितच विचारले जाते.

सेल्फ-अ‍ॅडव्होकेट म्हणजे काय?

स्वतःच्या गरजा आणि हक्कांविषयी स्वतः बोलणारी अपंग व्यक्ती. बोलणे शब्दांतच हवे असे नाही. खुणा, नजर किंवा चित्रांचा तक्ताही चालतो. अशा व्यक्तींची ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ १९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सुरू झाली. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारानुसार, अपंगांसोबत काम करणाऱ्यांना या हक्कांचे प्रशिक्षण मिळावे यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत.

आरोग्याशी संबंध काय?

अचानक ओरडणे, जेवण नाकारणे किंवा स्वतःला मारून घेणे याला ‘हट्ट’ म्हटले जाते. त्यामागे दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. गिळायला त्रास असलेल्या व्यक्तीला घाईने भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ‘थांब’ आणि ‘दुखतंय’ या खुणा मदतनिसाला ओळखता आल्याच पाहिजेत.

मदतनिसाला काय शिकवावे?

• स्पर्श करण्यापूर्वी सांगा, होकाराची वाट पाहा.
• प्रश्न थेट त्या व्यक्तीलाच विचारा; उत्तरासाठी वेळ द्या.
• कपडे, जेवण, आंघोळीची वेळ यांत निवड करू द्या.
• न विचारता व्हीलचेअर हलवू नका.
• प्रौढ व्यक्तीशी लहान मुलासारखे बोलू नका.

कुटुंबाने काय करावे?

मदतनीस निवडताना त्या व्यक्तीचे मत घ्या. तिच्यासोबत बसून एका कागदावर लिहा: मला दुखते तेव्हा मी काय करतो, ‘नको’ कसे सांगतो, मला कशाची भीती वाटते. पहिले काही दिवस तिने दाखवावे, मदतनिसाने करावे, तुम्ही फक्त पाहावे. नंतर मदतनीस घरी नसताना अधूनमधून विचारा: ‘बरं वाटतं का त्यांच्यासोबत?’ रोज ‘नको’ म्हणता येणाऱ्या व्यक्तीला गैरवर्तन झाल्यास सांगणे सोपे जाते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

वागण्यात अचानक बदल, जेवताना वारंवार ठसका, न समजणाऱ्या जखमा किंवा मदतनीस जवळ येताच भीती दिसल्यास लगेच दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असल्यास थेट रुग्णालयात न्या. तो कागद सोबत आणा.