उंबरठ्याबाहेरचा सोबती

पनवेल हे जुने बंदर. मुंबईहून पाण्याने येथे उतरावे आणि खुष्कीने बोरघाट चढून पुण्यास जावे, असा आगगाडीपूर्वीचा परिपाठ होता. येथील कोकणी मुसलमान शाफी पंथाचे. त्या पंथाचे शास्त्र कुत्र्याविषयी फार कडक आहे. त्याने भांड्यास तोंड लावले, तर ते सात वेळा धुवावे, आणि त्यांतील एकदा मातीने. उलट मालिकी शास्त्रकार कुत्र्यास मुळी अपवित्रच मानीत नाहीत! तेव्हा ‘मुसलमानांस कुत्रे वर्ज्य’ असे जे आपण सरसकट म्हणतो, ते खरे नव्हे. कुराणातील गुहेत निजलेल्यांचा कुत्रा दाराशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. तहानेल्या कुत्र्यास जोड्यातून पाणी पाजणाऱ्याचे पाप माफ झाल्याची कथा हदीसमध्ये आहे. घरात सोवळे आणि दाराबाहेर भूतदया, हा भेद आपल्या आजीबाईंस समजावून सांगावा लागला नसता.

इस्तंबूलचे मुसलमान रहिवासी शतकानुशतके आपापल्या मोहल्ल्यातील कुत्र्यांस पोसत आले. त्या कुत्र्यांवर गदा आली ती १९१० साली, आणि तीही धर्माज्ञेने नव्हे. युरोपसारखे नीटनेटके शहर करू पाहणाऱ्या राज्यकर्त्यांनी हजारो कुत्री मार्मारा समुद्रातील सिव्रिआदा या उजाड बेटावर नेऊन सोडली. तेथे ती अन्नपाण्यावाचून मेली.

आपल्या मुंबईत हा प्रसंग त्यापूर्वीच येऊन गेला होता. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यास बक्षीस लाविले. पारशी धर्मात प्रेतास कुत्र्याची दृष्टी घडविणे हा अंत्यविधीचाच भाग. त्यातून त्यांच्या पवित्र दिवशी, ६ जूनला, शिपाई कुत्री मारीत निघाले. लोक त्यांच्यावर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, कुलाब्याच्या फलटणीचा शिधा अडला, आणि अखेरीस लष्कर बोलवावे लागले. या हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही इस्माइली मुसलमानही होते. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना प्रत्येकाच्या निराळ्या. पण गल्लीतील मुक्या जिवास मारू नये, एवढ्यावर सर्वांचे एकमत झाले. मला या दंग्यातील हीच गोष्ट सर्वांत लक्षणीय वाटते.

दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईत पांजरापोळ स्थापिली. गाईगुरांप्रमाणे बेवारशी कुत्र्यांसही तेथे आसरा मिळू लागला.