भट्टीचे दार: कुलूप, किल्ली आणि पाहुणे

आमच्या वऱ्हाडात ‘भट्टी’ म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: पोलिसांची धाड आणि मोडलेला संसार. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तरी ‘मोहाचा सडवा नष्ट’ अशी बातमी असते. सोबत फोटो असतो. त्यात उलटे केलेले ड्रम, बाजूला उभे शिपाई आणि मागे पळसाची झाडे दिसतात. भट्टी म्हणजे लपवायची जागा, हे इतके गृहीत आहे की तिला दार असू शकते, त्या दारावर पाहुण्यांचे स्वागत होऊ शकते, ही कल्पनाच कामरगावात बसून चमत्कारिक वाटते.

पण जगात तसे घडते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचे बेट आहे. तिथे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ‘फेश ईला’ हा संगीताचा आणि व्हिस्कीचा उत्सव भरतो. त्या आठवड्यात बेटावरच्या भट्ट्या एकेक दिवस वाटून घेतात आणि आपल्या दिवशी दारे सताड उघडतात. देशोदेशीचे शौकीन तांब्याची पात्रे बघतात, पिपांचा वास घेतात, कामगारांना प्रश्न विचारतात. आपल्या शेजारी गोव्यातही कुंकळ्ळीला, जिथल्या गावकऱ्यांनी १५८३ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला त्याच गावी, पॉल जॉन या सिंगल माल्टच्या भट्टीने पाहुण्यांसाठी केंद्र उभारले आहे. म्हणजे एकच विद्या एकीकडे गुन्हा आहे आणि दुसरीकडे प्रेक्षणीय स्थळ. हा फरक केवळ चवीचा किंवा पैशाचा नाही. भट्टीचे दार कोणी, कधी आणि कशासाठी बंद केले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. गेली काही वर्षे मी त्याच्याच मागे आहे.

धूर आणि धार

आधी भट्टी म्हणजे काय ते पाहू. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. मोहाची खरी दाटी मेळघाटात आणि पूर्व विदर्भात. आमचा कारंजा तालुका काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि ज्वारीचा. पण वाळलेले मोहफूल बाजाराच्या वाटेने सगळीकडे पोचे. या फुलात साखर भरपूर. ते पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायचे, की झाला सडवा. सडवा मडक्यात घालून खाली जाळ लावायचा. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशाला. म्हणून आधी वर जाते ती मद्यार्काने भरलेली वाफ. वरच्या भांड्यातल्या गार पाण्याने ती थंड होते आणि नळीतून थेंबथेंब बाहेर येते.

कुंकळ्ळीच्या किंवा आयलाच्या भट्टीत तत्त्व हेच आहे. मोहाऐवजी मोड आणून वाळवलेले सातू, मडक्याऐवजी तांब्याचे पात्र, आणि पुढे काही वर्षे लाकडी पिपातला मुक्काम. मोठा फरक धारेत आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हा कौतुकाचा शब्द. बोलीत तो अस्सलपणाचा पर्याय झाला आहे. व्हिस्कीवाला मात्र पहिली धार घेत नाही. तिच्यात नको ती उडून जाणारी द्रव्ये असतात. ती तो बाजूला काढून पुन्हा भट्टीत घालतो, मधली धार ठेवतो आणि शेवटची पुन्हा परतवतो. हा विवेक त्याला जन्मतः मिळालेला नाही. परवाना, मोजमाप आणि तपासणी यांच्या दीडदोनशे वर्षांत तो घडला. आपल्याकडच्या भट्टीला ही संधी का मिळाली नाही, ते अबकारीच्या इतिहासात सापडते.

मक्ता आणि मोहफूल

‘अबकारी’ हा फारसीतून आलेला शब्द. दारू गाळणारा कलाल समाज, त्याच्या दुकानाला कलाली आणि दारूच्या हक्काचा मक्ता ही व्यवस्था इंग्रजांच्या आधीपासून होती. निजामाकडून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. मक्त्याची पद्धत लिलावाची: ठरावीक भागात गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क जास्त बोली लावणाऱ्याला. ज्याने बोलीत पैसे ओतले तो ते पिणाऱ्यांकडूनच वसूल करणार, हे उघड होते.

नंतर सरकारला मोजमापाची गरज भासू लागली. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या मोडून गाळण्याचे काम थोड्या मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या ठिकाणी गोळा करायचे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा, हे धोरण. ठाणे जिल्ह्यातले उरण मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते आणि तिथल्या भट्ट्या मुख्यतः पारशी व्यावसायिकांच्या होत्या. पण दारू गाळायला मडके आणि फूल पुरते. मग कर कसा वाचवायचा? सरकारने फुलालाच हात घातला. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. जे फूल आदिवासींच्या घरात टंचाईच्या दिवसांत भाकरीच्या जागी खाल्ले जाई, ते घरात सापडणे हा संशयाचा पुरावा झाला.

इथे स्कॉटलंडशी तुलना केली पाहिजे. तिथेही डोंगरदऱ्यांत चोरून गाळणाऱ्यांची रेलचेल होती. १८२३ साली ब्रिटिश संसदेने कायदा बदलला: कर घटवला, १० पौंडांत परवाना दिला, फक्त पात्र ४० गॅलनांहून लहान नको अशी अट घातली. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. चोरटे शेजारी त्याच्यावर इतके भडकले की तो पिस्तुले जवळ बाळगून फिरे. पण हळूहळू चोरटा गाळणारा कारखानदार झाला. भट्टीत काचेची पेटी आली. गाळलेली धार तिच्यातून वाहताना दिसे, पण पेटीला कुलूप आणि किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे. गोदामाला दोन कुलुपे, एक मालकाचे, एक सरकारचे. कवी रॉबर्ट बर्न्स अशाच अबकारी खात्यात नोकरीला होता.

कुलूप दोन्हीकडे आले. फरक इतकाच की स्कॉटलंडमध्ये ते भट्टीच्या आतल्या पेटीला लागले, आपल्याकडे भट्टीच्या विद्येलाच. एकाच साम्राज्याने एका प्रजेतल्या चोरट्याला परवाना दिला आणि दुसऱ्या प्रजेतल्या गाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवून त्याचा धंदा मक्तेदाराच्या हवाली केला. आजच्या ‘खुल्या दिवसा’ची मुळे या फरकात आहेत, असे माझे मत आहे.

नैतिकतेचे कुलूप

मात्र दोष केवळ महसुलाच्या हव्यासाला देऊन थांबणे अर्धसत्य होईल. दार बंद करणारे हात आपलेही होते, आणि त्यांना कारण होते. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. ते तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातल्या दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांनी निरोधन केले. आमच्या मुलखात हा विषय गाडगेबाबांशी जोडलेला आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. पुढे स्वतःच्या लेकराच्या बारशाला, जातीच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारू न ठेवता, डेबूजीने गोड जेवण घातले, ही आठवण वऱ्हाडात अजून सांगितली जाते. बाबांच्या कीर्तनातला दारूवरचा हल्ला पोथीतून आलेला नव्हता, घरातून आलेला होता.

महसूल आणि नीती हे दोन प्रवाह १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात एकत्र आले. १९५९ मध्ये तो विदर्भालाही लागू झाला. आजही महाराष्ट्रात दारूविषयीचा मूळ कायदा ‘दारूबंदी’चाच आहे, पिणाऱ्याने परवाना घ्यावा अशी त्याची अपेक्षा आहे, आणि आपला ‘परमिट रूम’ हा शब्द त्याच परवान्यातून आला. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून बंदीत आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीचा कायदा आणि दारूचा महसूल एकाच घरात नांदतात.

ज्वारी, सातू आणि देवदूतांचा वाटा

भारतात ‘व्हिस्की’ म्हणून जे खपते त्यातले बरेचसे उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभे आहे. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथे ती धान्याचीच हवी. बंगळुरूची अमृत डिस्टिलरी राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली काढली. २००४ साली तिने सातूची सिंगल माल्ट ग्लासगोत, म्हणजे व्हिस्कीच्या माहेरी, बाजारात आणली. सहा वर्षांनी जिम मरे या समीक्षकाने आपल्या वार्षिक ग्रंथात तिच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान दिले.

आपल्या हवेत पिपातून उडून जाणारी दारू, जिला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात, वर्षाला दहा टक्क्यांच्या घरात जाते; स्कॉटलंडमध्ये साधारण दोन टक्के. १०० लिटर पिपात भरले तर पाच वर्षांनी तिथे ९० उरतात, इथे ५९. म्हणून आपली व्हिस्की लवकर पिकते आणि महागही पडते.

महाराष्ट्राने २००७ साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले. पावसाने काळी पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, हा युक्तिवाद. गडचिरोलीत दारूबंदीसाठी झटलेल्या डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला: अन्न भट्टीत का घालायचे? आमच्या भागात या वादाला वेगळी धार होती. ज्वारीची जागा तोवर सोयाबीन घेऊ लागले होते. जे पीक ताटातून आणि शेतातून मागे सरत होते, त्याला भाव द्यायला सरकारला भट्टीच आठवली.

दार कोणासाठी?

आता काही दारे किलकिली होत आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवले. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देणारे धोरण आणले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. फूल जवळजवळ १३० वर्षांनी संशयातून सुटले. भट्टी मात्र गुन्ह्यातच आहे.

ती सरसकट खुली करा, असे मी म्हणणार नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे मेली. ते विष मोहाचे नव्हते, कारखान्यातल्या रसायनाचे होते. पण अंधारात विकल्या जाणाऱ्या वस्तूत काय आहे हे कोण पाहणार? लपवलेल्या भट्टीची किंमत नेहमी सर्वांत गरीब माणूस मोजतो. उघड्या दुकानाचीही बऱ्याचदा तोच मोजतो, आणि त्याहून जास्त त्याची बायको.

म्हणून मला दुसऱ्या एका ‘खुल्या दिवसा’ची आठवण करून द्यावीशी वाटते. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप. अबकारीच्या सगळ्या इतिहासात किल्ली कधी मक्तेदाराकडे होती, कधी साहेबाकडे, कधी कारखानदाराकडे. ती बाईच्या हाती देणारी तरतूद बहुधा ही एकच.

आयलाचे किंवा कुंकळ्ळीचे पाहुणे तांब्याचे पात्र बघून येतात, त्यात वाईट काही नाही. विद्या पाहण्याजोगीच आहे. पण भट्टीचे दार उघडायचे ठरवताना विचार केवळ आत काय दिसेल याचा नको. धूर बाहेर कोणाच्या घरात जातो, हेही मतदानाला बसलेल्यांना विचारले पाहिजे.