मर्कलने न गाठलेला दुसरा बेस : १९०८ चा बेसबॉल हंगाम

आजचा धागा अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या एका विलक्षण हंगामाविषयी. १९०८ साली नॅशनल लीगमध्ये शिकागो कब्स, न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे तीन संघ सप्टेंबर संपत आला तरी विजेतेपदाच्या शर्यतीत टिकून होते. त्या शर्यतीचा निकाल ज्या प्रसंगावरून लागला असे आजही सांगितले जाते, त्याच्या केंद्रस्थानी होता १९ वर्षांचा फ्रेड मर्कल.

प्रथम नियम समजून घेऊ, कारण सारा वाद त्यातूनच उद्भवला. फलंदाजाने चेंडू मारला की त्याला पहिल्या बेसकडे धावावेच लागते. म्हणून पहिल्या बेसवर आधीपासून असलेल्या धावपटूला दुसरा बेस गाठणे भाग पडते. तो पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडू हाती घेऊन दुसऱ्या बेसला स्पर्श केला, तर धावपटू बाद. आणि अशा रीतीने तिसरा गडी बाद झाला, तर दरम्यान कोणी धाव पूर्ण केली असली तरी ती धरली जात नाही. क्रिकेटमध्ये विजयी धाव अर्धवट सोडून एक फलंदाज तंबूकडे वळला तर काय होईल, याची कल्पना करा, साधारण तसेच.

नियम पुस्तकात होता, पण मैदानावरचा रिवाज निराळा होता. सामना संपताच प्रेक्षक मैदानात उतरत, खेळाडू त्यांच्या आधी क्लबहाउसकडे पळत. अशा वेळी दुसरा बेस शिवण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे आणि अंपायरही तिकडे पाहत नसत.

कब्सचा जॉनी एव्हर्स मात्र पाहत होता. ४ सप्टेंबर रोजी पिट्सबर्ग येथे दहाव्या इनिंगमध्ये कब्स हरले, तेव्हा पायरेट्सचा वॉरेन गिल दुसऱ्या बेसला न शिवताच परतला होता. एव्हर्सने दाद मागितली. त्या दिवशी एकटेच काम पाहणाऱ्या हँक ओ'डे या अंपायरने ती फेटाळली. लीगनेही कब्सची तक्रार मान्य केली नाही. पण ओ'डेच्या मनात नियम जागा झाला असावा.

२३ सप्टेंबर, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स. जायंट्सचा नेहमीचा पहिला बेसमन फ्रेड टेनी कंबरदुखीमुळे खेळू शकला नाही, म्हणून मर्कलला संधी मिळाली. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात गुणफलक १-१, दोन गडी बाद. मर्कलच्या फटक्याने मूस मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोहोचला. पाठोपाठ अल ब्रिडवेलने चेंडू मैदानात धाडला आणि मॅककॉर्मिकने धाव पूर्ण केली. प्रेक्षक धावत सुटले. ते पाहून मर्कल अर्ध्या वाटेतून क्लबहाउसकडे वळला.

एव्हर्स चेंडूसाठी ओरडत राहिला. जायंट्सचा जो मॅकगिनिटी मध्ये पडला आणि त्याने चेंडू गर्दीत भिरकावला, असे सांगतात. एव्हर्सने अखेर एक चेंडू घेऊन दुसऱ्या बेसला स्पर्श केला. तो खेळातलाच चेंडू होता की दुसरा, यावर आजही एकमत नाही. बेसवरचा अंपायर बॉब एम्सली म्हणाला, मला दिसले नाही. ओ'डेने मात्र मर्कलला बाद ठरवले. मैदानभर गर्दी, त्यात अंधार पडत आलेला; सामना बरोबरीत सुटला असे जाहीर झाले.

लीगचा अध्यक्ष हॅरी पुलियम याने निर्णय कायम ठेवला. हंगामाअखेर कब्स आणि जायंट्स ९८ विजय, ५५ पराभव अशा समान स्थितीत आले आणि ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवावा लागला. जायंट्सकडून त्या हंगामात ३७ सामने जिंकलेला क्रिस्टी मॅथ्यूसन उतरला. कब्सचा पहिला पिचर सुरुवातीलाच डळमळला, तेव्हा चेंडू गेला मॉर्डेकाय ब्राऊनकडे. लहानपणी शेतातील यंत्रात बोट गमावलेला हा पिचर ‘तीन बोटांचा’ म्हणूनच ओळखला जाई. कब्स ४-२ ने जिंकले. पुढे डेट्रॉइट टायगर्सला हरवून त्यांनी वर्ल्ड सिरीजही पटकावली. त्यानंतरची वर्ल्ड सिरीज त्यांना थेट २०१६ मध्ये मिळाली!

न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी खापर मर्कलच्या माथी फोडले. ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ डोक्याचा, ही उपाधी त्याला जन्मभर चिकटली. हा न्याय मला पटत नाही. त्या सामन्यानंतर फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या पिचरने पाच दिवसांत तीन वेळा जायंट्सना हरवले होते. त्यातला एक जरी सामना जिंकला असता, तर पुन्हा खेळण्याची वेळच आली नसती. संघाचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हा एरवी तापट गृहस्थ. पण त्याने मर्कलला कधी दोष दिला नाही, उलट त्याचे वेतन वाढवले.

पुलियमवर या प्रकरणात टीकेचा भडिमार झाला. त्याची प्रकृती आधीच नाजूक होती. जुलै १९०९ मध्ये त्याने स्वतःचे जीवन संपवले.

मर्कल १९२६ पर्यंत खेळला, काही वर्षे तर चक्क कब्सकडूनच. पाच वेळा तो वर्ल्ड सिरीजमध्ये उतरला आणि पाचही वेळा त्याचा संघ हरला. १९५६ साली फ्लोरिडात त्याचे निधन झाले. तो फटका मारणारा ब्रिडवेल म्हातारपणी सांगत असे की, आपण त्या दिवशी बाद झालो असतो तर बरे झाले असते, त्या पोराची सुटका तरी झाली असती.