झेंडू कुठला, तेरडा कुठला?

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर आषाढात बी टाकावे. गेल्या वर्षीचे वाळलेले फूल चोळले की काळ्या, काडीसारख्या बिया निघतात. कुंडी असो की फुटका माठ, आठवडाभरात रोप वर येते आणि दोन-अडीच महिन्यांत फुलते. आमच्या वडनेर भोलजीत दसऱ्याला दारोदार याचीच तोरणे.

इतका घरचा झालेला झेंडू मूळचा मात्र मेक्सिकोचा. अझ्टेकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फुले’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. तिथे आजही नोव्हेंबरात कबरी याच फुलांनी सजवतात. १४९२ नंतर अमेरिकेची वाट खुली झाली, तेव्हा तो जगभर गेला. बाबराने १५२०च्या दशकात हिंदुस्थानची फुले टिपली. त्यांत जास्वंद, कण्हेर, केवडा आहेत, झेंडू नाही. इंग्रज तर त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतात. आफ्रिकेचा काय संबंध!

तेरड्याचे उलटे. उर्दूत तो गुलमेहंदी. हे फारसी वळणाचे नाव ऐकून एखाद्याला रोपही परदेशी वाटेल. पण तेरडा आपल्याच भूमीतला; भाद्रपदात गौर म्हणून घरात येतो तोही हाच. नखे रंगवायला वापरतात म्हणून मेहंदी. मी वर्गात दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. बी धरायचे असेल तर बोंड फुगून फिकट पडताच मुठीत धरूनच खुडा. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते तडकते आणि बिया अंगणभर उडतात.