शेगडी कोणी उचलली?

नववीत इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं, "एखाद्या गावात परक्या घडणीची खापरं सापडली, तर तिथे परके लोक येऊन राहिले, की नुसती त्यांची भांडी बाजारात आली?" मी तावातावाने म्हणाले, "लोकच आले असणार!" बाई म्हणाल्या, "कशावरून?" मी मुकाट्याने खाली बसले. आठवतंय ना, मागच्या बाकावरचे किती हसले होते!

उत्तर सापडायला तीस वर्षं लागली, आणि सापडलं ते शेगडीत.

आजच्या आर्मेनिया, जॉर्जिया आणि पूर्व तुर्कस्तानच्या डोंगराळ मुलखात साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी शेती आणि गुरं सांभाळणारे लोक राहत. तिथल्या दोन नद्यांवरून त्यांच्या संस्कृतीला कुरा-अराक्स म्हणतात. त्यांच्या घरात मधोमध चूल असे. शिवाय उचलून नेता येईल अशी भाजक्या मातीची शेगडीही असे. घोड्याच्या नालेसारखी, एका बाजूने उघडी. आत विस्तव, कडांवर भांडं. काही शेगड्यांना तर डोळे-नाक काढून चक्क चेहरा दिलेला! तुर्कस्तानात पुलूर इथे अशा चेहऱ्यांच्या चुली मिळाल्या. पुढे ते ठिकाण केबान धरणाच्या पाण्याखाली गेलं.

इ.स.पू. २८००च्या सुमारास अशाच शेगड्या हजारभर किलोमीटर दक्षिणेला, गालीलच्या सरोवराकाठी बेत येराह इथे दिसू लागतात. तिथले कुंभार चाकाचा वापर करत होते. शेगडीवाले मात्र आपली भांडी हातानेच घडवत आणि घासून घासून त्यांना लाल-काळी चकाकी आणत. माती तिथलीच, रीत डोंगरातली. आमच्या भाषेत, हार्डवेअर नवं, सॉफ्टवेअर जुनंच.

मला पटलं ते इथे. सुबक भांडं कोणीही विकत घेईल. पण विस्तव कुठे ठेवायचा, भांडं कसं टेकवायचं, ही सवय बाजारात मिळत नाही. ती रांधणाऱ्या हातांबरोबरच येते. म्हणजे माणसंच आली, घरदार घेऊन आली, आणि शेजाऱ्यांकडे चाक दिसत असूनही आपली रीत त्यांनी सोडली नाही.

लग्नानंतर मी बंगळूरला निघाले तेव्हा आईने मातीची शेगडी चिंध्यांत गुंडाळून दिली होती. "गॅस आहे ना तिकडे," म्हणत मी ती स्टेशनवरच भावाच्या हातात परत दिली. आई काही बोलली नाही.

बाई मेळाव्याला येणार आहेत. या वेळी त्यांनी "कशावरून?" विचारलं, तर मी खाली बसणार नाही.