लाल खडकांसमोरचा फोटो

अमेरिकेत बारावीच्या विद्यार्थ्याला ‘सीनिअर’ म्हणतात. शाळा संपण्याआधी त्याचा खास फोटो काढून घेणं हा तिथल्या घरांतला जुना रिवाज. कोलोरॅडो, युटा, वायोमिंगकडे हा सीनिअर पोर्ट्रेट लाल खडकांसमोर, गवताळ माळावर नाहीतर पिवळ्या झालेल्या अ‍ॅस्पेनच्या झाडीत काढतात. पायात काउबॉय बूट, अंगात शाळेच्या संघाचं जॅकेट, कधी शेजारी घरचा घोडा.

रिवाज जन्मला मात्र पूर्वेकडच्या कॉलेजांत. डॅगेरोटाइप या फोटोच्या सुरुवातीच्या पद्धतीत एका वेळी एकच चित्र हाती येई. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि एका काचेवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या. मॅसॅच्युसेट्सचा फोटोग्राफर जॉर्ज के. वॉरेन हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्गाचे फोटो काढू लागला. विद्यार्थी प्रती विकत घेत, एकमेकांना देत, अल्बम बांधून घेत. पुढे हाफटोन छपाईमुळे पुस्तकात फोटो छापणं स्वस्त झालं. अल्बमची जागा इयरबुकने, म्हणजे वर्षअखेरीच्या छापील पुस्तकाने, घेतली आणि प्रथा हायस्कुलांत रुजली.

वॉरेन कॉलेजांत फोटो काढत होता, त्याच सुमारास दुसरे कॅमेरे पश्चिमेच्या डोंगरांत हिंडत होते. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये योसेमिटीत सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा वापरल्या. विल्यम हेन्री जॅक्सनने १८७१ मध्ये यलोस्टोन टिपलं. पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झालं. काच ओली असेतोच फोटो घेऊन धुवावा लागे, म्हणून काळोखा तंबू आणि रसायनं खेचरांवर लादून न्यावी लागत. या चित्रांत माणूस दिसलाच, तर बहुधा कड्याची उंची कळावी म्हणून. चेहऱ्यांची जागा स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे होती.

कोरड्या काचा, रोल फिल्म आणि हातात मावणारा फ्लॅश आल्यावर चेहरा आणि डोंगर एका चौकटीत आणणं सोपं झालं.

फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने नेमकं उलट केलं. १९७९ ते १९८४ या काळात त्याने पश्चिमेतली माणसं त्यांच्याच मुलखात टिपली, पण प्रत्येकाच्या मागे पांढरा कागद लावून. सीनिअर पोर्ट्रेटला तो मुलूखच हवा असतो: लवकरच घर सोडणारं मूल कुठे वाढलं, हे त्यातून दिसतं.

उंचावरच्या कोरड्या हवेत दुपारचं ऊन कडक असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून सूर्यास्ताआधीचा तास निवडतात. सूर्य पाठीशी ठेवून रिफ्लेक्टरने किंवा फ्लॅशने चेहरा उजळतात.

कोलोरॅडोत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबाबांनी दोन गोष्टी आधीच पाहाव्यात. बऱ्याच शाळांना इयरबुकसाठी साध्या पार्श्वभूमीचा वेगळा फोटो लागतो, आणि अ‍ॅस्पेनच्या पानांचा पिवळा रंग सप्टेंबरअखेरीस जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. फोटोग्राफरची वेळ उन्हाळ्यातच ठरवून ठेवा.