साष्टीतला डिसेंबर

डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत 'क्रिसमस' ऐकू येतो, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'बड़ा दिन'. बंगाली शेजारीही 'बॉडोदिन' म्हणतात. आपण मराठी माणसे मात्र 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'चा आहे. पगार, पाव, चावी, बटाटा ज्या बोटींतून उतरले त्याच बोटींतून उतरलेला. असे शब्द कुणी एक माणूस आणत नाही. पण हा शब्द किनाऱ्यावर रुजत होता त्या काळात तिथेच राहून मराठी ओव्या लिहिणाऱ्या एका परदेशी मिशनऱ्याचा नाताळचा आठवडा कशाने भरलेला असे, हे बरेचसे सांगता येते. मराठी साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला त्याच्या कामाच्या दिवसांपाशी थोडे थांबायचे आहे.

फादर थॉमस स्टीफन्स. जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला, गाव बुश्टन. इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे अवघड झालेले, म्हणून रोमला जाऊन 1575 मध्ये जेझुइट झाला. 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. त्यानंतर 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ गोव्यात, साष्टी तालुक्यात. (मुंबईकरांची साष्टी वेगळी. पोर्तुगीजांच्या कागदांत दोन्ही 'साल्सेत', त्यामुळे वाचताना घोटाळा होतो.) म्हणजे चाळीस नाताळ त्याने परमुलखात काढले. पोर्तुगीज त्याला पाद्री एस्तेव्हांव म्हणत.

कॅथलिक पंचांगातला हा आठवडा नुसत्या एका दिवसाचा नसतो, आणि स्टीफन्सच्या बाबतीत त्यात एक गंमत आहे. 21 डिसेंबरला तेव्हा प्रेषित संत थॉमसचा सण असे, भारतात आला असे मानतात तोच थॉमस. 25 ला नाताळ: मध्यरात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा असे तीन मिस्सा. 26 ला संत स्टीफन, 27 ला संत योहान, 28 ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालके. 29 ला कँटरबरीचा थॉमस बेकेट, म्हणजे इंग्रजांचा थॉमस. बेकेटचा सण आठव्या हेन्रीने 1538 मध्ये इंग्लंडातून हद्दपार केला होता. ज्याच्या नावातला 'थॉमस' आणि 'स्टीफन' दोन्ही याच नऊ दिवसांत येत, त्या इंग्रज पाद्रीला आपल्या देशातला संत साष्टीत पाळता येत होता, विल्टशायरमध्ये नाही. मग 1 जानेवारी, येशूच्या नामकरणाचा दिवस, जो जेझुइट संघाचा स्वतःचा मोठा सण. आणि 6 ला तीन राजे. मिस्सा लॅटिनमध्ये, पापनिवेदन ऐकायचे आणि धर्मशिक्षण द्यायचे ते मात्र लोकांच्या भाषेत. त्यासाठीच तो भाषा शिकला होता. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवले आहे की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे.

ह्याच दिवसांत आणखी एक काम असे, पत्रांचे. लिस्बनकडे परतणारी जहाजे साधारण डिसेंबर-जानेवारीत गोवा सोडत. वर्षभराचे मागणे, हिशेब, तक्रारी, जे काही युरोपला कळवायचे ते त्यांच्या आधी लिहून व्हायला हवे. 5 डिसेंबर 1608 रोजी स्टीफन्सने रोमला संघाच्या प्रमुखाला, क्लॉडियो अक्वाव्हिवा यांना, पत्र लिहिले. त्याच्या शेवटाकडे एक मागणी आहे. ह्या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत, मलबारात छापतात तशी, अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे तो कळवतो. तमिळ अक्षरांतली पुस्तके 1578 पासून निघत होती. इथे अडचण खिळ्यांची: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे जोडाक्षरे-काना-मात्रा धरून सहाशे साचे ओतावे लागतील. दुसरे म्हणजे प्रांतप्रमुखाच्या हुकमाशिवाय आणि मदतीशिवाय हे होणार नाही.

सहाशे! ज्यांनी शिशाच्या खिळ्यांवर मराठी छापखाना पाहिला आहे त्यांना हा आकडा मुळीच अवास्तव वाटणार नाही. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, परदेशात तीस वर्षे काढलेला, नाताळच्या तोंडावर सगळ्यांत वरच्या वरिष्ठाकडे मागतो आहे तो देवनागरीचा संच. ह्या एका मागणीसाठी मी त्याच्या बऱ्याच गोष्टी माफ करायला तयार होते.

पण सगळ्या नाही. ज्यांना तो लिहितो त्या अक्वाव्हिवांचा पुतण्या रोडोल्फो अक्वाव्हिवा हाही जेझुइट. स्टीफन्स गोव्यात उतरल्यावर महिन्याभरात, 17 नोव्हेंबर 1579 ला, रोडोल्फो अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीकडे निघाला. तो नाताळ एकाने गोव्यात काढला, दुसऱ्याने वाटेवर. अकबराने त्याला मानाने वागवले, वादविवाद झाले, बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही. 1583 मध्ये रोडोल्फो परतला आणि जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी चार जेझुइट सोबत्यांसह मारला गेला. कुंकळ्ळीकरांचा राग अकारण नव्हता. साष्टीतली देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली होती. पाद्री गावात चर्चसाठी जागा पाहायला आले होते. नंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. चर्चने पाच पाद्रींना हुतात्मे ठरवले. गावकऱ्यांची आठवण गावाने ठेवली.

'ख्रिस्तपुराण' ह्या भूमीवर लिहिले गेले. पुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो: आमची जुनी पुराणे आम्ही सोडली, त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रश्न गोड आहे, पण त्यातल्या 'सोडली' ह्या शब्दामागे बरेच काही आहे. ग्रंथ जप्त होत होते. साष्टीतल्याच केळशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये लिहायला घेतलेले 'श्रीकृष्णचरित्रकथा' आज वाचायला मिळते ते पोर्तुगालमधल्या ब्रागा गावच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितामुळे. गोव्यातल्या जेझुइटांनी ह्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या, लोकांची भाषा आणि श्रद्धा समजून घेण्यासाठी. ज्या हातांनी ग्रंथ काढून घेतले त्यांनीच त्यांची नक्कल राखली. ओवीचा कान स्टीफन्सला कुठून मिळाला, ह्याचे उत्तर मला त्या नकलांच्या आसपास दिसते. मराठीची त्याने गायिलेली थोरवी शाळेत आपण पाठ केली. तिच्याबरोबर हा मजकूर मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

पुराण 1616 मध्ये रायतूरच्या जेझुइट महाविद्यालयातल्या छापखान्यात छापले गेले, रोमन लिपीत. सहाशे खिळे आले नाहीत. पहिल्या पुराणात 36 अवस्वरू, दुसऱ्यात 59, ओव्या सगळ्या मिळून जवळपास अकरा हजार.

1616 ह्या सालाशी मी अडखळले ती कोपर्निकस मार्गावर. गेल्या हिवाळ्यात 'ख्रिस्तपुराणा'वरच्या एका मजकुराचा हिंदी अनुवाद करत होते आणि एका संपादकमित्राबरोबर जुन्या महाराष्ट्र सदनात चहाला बसले होते. त्यांचे म्हणणे, हिंदी वाचकाला 'नाताळ' कळणार नाही, 'बड़ा दिन' करा. मी म्हटले, भाऊसाहेब, मग त्यातला पोर्तुगाल गेला. ते हसून म्हणाले, "आप के पाद्री साहब के लिए इतना झगड़ा?" वाद मिटला नाही. बाहेर रस्त्याच्या पाटीवरचे नाव वाचले, आणि रोमने कोपर्निकसचा ग्रंथ 'दुरुस्ती होईपर्यंत' स्थगित केला ते साल आठवले: 5 मार्च 1616. ज्या वर्षी चर्चच्या परवानगीने साष्टीत मराठी पुराण निघाले त्याच वर्षी त्याच चर्चने सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी थांबवली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण एका गोष्टीत तो आहे. पंचांग सुधारण्यासाठी रोमने ज्यांचे मत मागवले होते त्यांत कोपर्निकसही होता. ती सुधारणा पुढे 1582 मध्ये झाली, दहा दिवस गाळले गेले. इंग्लंडने ती 1752 पर्यंत मानली नाही. त्यामुळे साष्टीत स्टीफन्स मध्यरात्रीचा मिस्सा करायचा तेव्हा बुश्टनमध्ये 15 डिसेंबर असायचा. परदेशात असणे म्हणजे काय, याचा इतका नेमका हिशेब फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतो.

रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये हे पुराण वाचून दाखवत. बेथलेहेमची गोष्ट दुसऱ्या पुराणात आहे. ऐकणाऱ्यांचे आजोबा ज्या चालीवर कृष्णजन्म ऐकत, त्याच ओवीत नातवंडांनी ख्रिस्तजन्म ऐकला, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणारा. भाषा मराठी, मधूनमधून कोकणी मिसळलेली. हे मिश्रण त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. चर्चच्या संज्ञा मात्र पुष्कळदा पोर्तुगीज आणि लॅटिन. अनुवादक म्हणून मला ह्या निवडीत रस आहे. वैकुंठ घेतला पण बाकीचे घ्यायला तो कचरला, कारण त्या शब्दांबरोबर जुना देवही आत आला असता.

1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मग 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. लोकांनी काही सोडली नाही, पण छापील ओवीची परंपरा तिथेच आटली. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. पुराण टिकले ते मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत, आणि त्यांवरून जे. एल. सालदान्हा यांनी 1907 मध्ये मंगळूरला रोमन लिपीतच ते पुन्हा छापले.

देवनागरी प्रत सापडली ती लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात. 1920 च्या दशकात तिच्याकडे लक्ष वेधले जस्टिन ॲबट यांनी, मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवादक आणि अमेरिकन मराठी मिशनचे निवृत्त मिशनरी. ते मिशन ज्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतून आले, तिथे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ॲबट यांना हस्तलिखित मूळ संहिता वाटली. पुढच्या अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. रोमन प्रतीत जिथे पोर्तुगीज संज्ञा आहेत तिथे ह्या प्रतीत बहुधा संस्कृत शब्द आहेत. वाचायला ती सुंदर आहे. तरी मला रोमन प्रत जवळची वाटते. साष्टीतल्या बायकामाणसांच्या बोलण्यात पाद्रींचे शब्द शिरलेच होते, आणि तिथे ते तसेच उघडे दिसतात.

देवनागरी लिपीतले छापील 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकाच्या हाती आले ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून, पुण्यात, 1956 साली. सहाशे साच्यांची मागणी लिहून तेव्हा 348 वर्षे झाली होती.